नव्या टबातलं शिळं पाणी

वाचकांचे प्रश्न, पाणीवाल्या काकींची उत्तरं

या महिन्याच्या टपालात टबांचीच पत्रं जास्त आहेत. गोव्यातल्या बार्देशात ज्याच्या अंगणात कालपर्यंत भाताचं खळं होतं, त्याच्या अंगणात आज जकूझी, म्हणजे बुडबुड्यांचा गरम पाण्याचा टब आहे, तेव्हा नवल नाही. जकूझी हे खरं म्हणजे कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी त्यांनी १९५०च्या दशकात टबात सोडायचा पंप बनवला. पुढच्या पिढीतल्या एकानं १९६८मध्ये टबातच जेट, म्हणजे जोरानं पाणी सोडणारी तोंडं, बसवून ते टब विकायला काढले. आपण मात्र कुठल्याही कंपनीच्या टबाला जकूझी म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. माझी त्याला हरकत नाही. पाण्याला कंपनीचं नाव कळत नाही.

प्रश्न : काकी, नमस्कार. आसगावला आमचं जुनं घर आहे. मागच्या दोन खोल्यांचा होमस्टे केला आणि सहा जणांचा, १२०० लिटरचा टब घेतला. परदेशी आहे, कंटेनरमधून आला. मे महिन्यात घरी पोचला, पण पाऊस तोंडावर होता म्हणून ताडपत्री बांधून ठेवला आणि दसऱ्यानंतर बसवला. विहिरीचं पाणी भरलं, अगदी काचेसारखं. जेट चालू केले आणि पाच मिनिटांत करडे-काळपट पापुद्रे वर यायला लागले. साबणासारखा फेस आणि ओल्या गोणपाटाचा वास. विकणाऱ्याचा माणूस फोनवर म्हणाला, 'फॅक्टरीतली धूळ असेल, क्लोरीन टाका, जाईल.' टाकलं. सकाळी पाणी परत स्वच्छ. जेट लावले की पुन्हा तेच. बायको म्हणते, कुणीतरी वापरलेला टब आपल्या गळ्यात मारला. तसं असेल का? डिसेंबरात पहिले पाहुणे यायचे आहेत.
एक वाचक, आसगाव

उत्तर : वहिनींचा संशय मला आवडला, पण टब बहुधा नवाच आहे. जुनं आहे ते त्याच्या पोटातलं पाणी.

चांगले कारखाने टब बाहेर पाठवण्याआधी पाणी भरून चालवून बघतात. कुठं गळत नाही ना, पंप ओढतो ना, हीटर तापतो ना. ते करायलाच हवं. न बघता पाठवलेला टब मी तरी घेणार नाही. मग पाणी सोडतात, टब आतून पुसतात, वर प्लॅस्टिक चढवतात. पण बुडाची चावी सोडल्यावर रिकामा होतो तो टब, नळ्या नव्हेत. बाजूची फळी काढून एकदा आत बॅटरी मारा. शेवयांचा गुंता दिसेल. वर चढणाऱ्या, खाली उतरणाऱ्या, वळणाऱ्या नळ्या, आणि प्रत्येक वाकणात थोडं थोडं पाणी अडकलेलं. पंपाच्या पोटात पेलाभर, हीटरच्या नळकांड्यात तेवढंच, फिल्टरच्या डब्याच्या तळाशी तांब्याभर. हे पाणी कंटेनरमध्ये बसून समुद्र ओलांडतं, बंदरात पडतं, गोदामात पडतं, आणि तुमच्याकडे तर त्यानं गोव्याचा अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. त्यात क्लोरीन असलंच तर ते पहिल्या काही दिवसांत संपलेलं. मग राहिलं काय? अंधार, ऊब, ओल, आणि हलवायला कुणी नाही. थंड देशातल्या काही टबांत तर नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून गोठणरोधक द्रव घालतात. तो माणसाला विषारी नसला तरी जंतूंना खाऊ होतो, आणि जेट लावले की फेस करतो.

अशा ठिकाणी जंतू पाण्यात तरंगत बसत नाहीत. ते नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट लगदा विणतात. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात, मी बुळबुळ म्हणते. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही आणि आतून बोट फिरवलं की लागते, तीच ही. क्लोरीन तिच्या वरच्या थरावरच खर्ची पडतो, आतले सुखरूप राहतात. म्हणून तुमचं पाणी सकाळी स्वच्छ दिसलं: तरंगणारे मेले, भिंतीवरचे राहिले. जेटचा जोर बसला की भिंतीवरचे पापुद्रे सुटून पुन्हा वर. धूळ बोटांत चोळली तर खरखरते. तुमचा पापुद्रा चिमटीत धरून चोळा. निसटला, बुळबुळीत लागला, तर विकणाऱ्याच्या माणसाला तो माझ्या वतीनं भेट द्या.

आता मी शहाणपण सांगतेय, पण मीही याच खड्ड्यात पडले आहे. तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन आहे की नाही ते क्लोरोस्कोपच्या पिवळ्या रंगावरून बघायचं, हा माझा रोजचा धंदा. निवृत्त झाल्यावर गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलानं आखातातून पैसे पाठवून पर्वरीच्या घरी चार जणांचा छोटा टब बसवला. मी काय केलं? नळाचं पाणी तपासलं. ०.५ आलं, खूश झाले, टब भरला, पाणी तापवलं आणि जुना गाऊन घालून तासभर बसले. नळ्यांत काय आहे हे बघायचं एका पाणीवालीच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी कमरेला, जिथे नाडी आवळते तिथे आणि काखेच्या खाली, लाल पुटकुळ्या. सुनेनं आधी 'घामोळं असेल' म्हटलं. डिसेंबरात घामोळं! डॉक्टरांनी विचारलं, 'कुठल्या स्विमिंग पुलात उतरला होतात का?' तेव्हा माझ्या डोक्यात दिवा पेटला. आठवड्याभरात पुटकुळ्या गेल्या. शरम अजून आहे.

तर मग करायचं काय. काही करण्याआधी पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, त्यात टबाच्या क्लोरीन पावडरची चिमूट टाका आणि अर्धा तास ठेवा. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या पाण्यात पुष्कळदा लोह असतं. क्लोरीन लागला की ते गंजतं आणि पाणी चहासारखं होतं. बादली तपकिरी झाली तर टबातल्या रंगाचा काही भाग विहिरीचा आहे. मग टब भरताना पाणी गाळणीतून घ्यावं लागेल, तो निराळा विषय. बादली स्वच्छ राहिली आणि टब मात्र घाण, तर दोष नळ्यांचा. फेस आणि पापुद्रे लोहामुळे येत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे नळ्या आहेतच.

आता त्या नळ्या. आत आहे तेच पाणी राहू द्या, नवं भरू नका. फिल्टरची कांडी काढून बाजूला ठेवा, नाहीतर सगळी घाण तीच पिऊन बसेल. पाणी कोमट ते गरम असू द्या. बाजारात नळ्या सोलायचं द्रावण मिळतं, टबवाले त्याला पर्ज म्हणतात. बाटलीवर लिहिलंय तेवढं घाला, जास्त नको. मग सगळे जेट पूर्ण उघडा, हवेच्या चाव्या उघडा, आणि डायव्हर्टरची गोल मूठ दर काही वेळानं फिरवत राहा म्हणजे प्रत्येक नळीत पाणी जाईल. लोक इथेच चुकतात. मूठ एका बाजूला ठेवून अर्ध्याच जेटांना धुतात. मानेजवळचे दोन बारके जेट, पायाखालचा एक, कारंजं असलं तर तेही, कुणाला वगळू नका. पंप आपणहून बंद होतो तेव्हा उठून पुन्हा लावा. तीन-चार तास तरी असं चालू द्या, रात्रभर झिरपू दिलं तर उत्तम. कडेला जो काळा-करडा लेप जमेल तो जुन्या फडक्यानं पुसून फडकं फेकून द्या. पाहून किळस येईल. येऊ दे, ती तुमच्या पाहुण्यांना येण्यापेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी ते पाणी सोडून टब पुन्हा भरा, आणि संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस. संध्याकाळीच, कारण ऊन क्लोरीन खातं. टबात वापरायची दाणेदार पावडर, डायक्लोर, त्यात साधारण ५६ टक्के क्लोरीन असतो. १२०० लिटरला १० पीपीएम गाठायला २१-२२ ग्रॅम लागतात. बादलीभर पाण्यात विरघळवून घाला. पाण्यात पावडर घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. झाकण उघडं ठेवा, नाहीतर वाफेनं झाकणाचं अस्तर आणि उशा खराब होतील. जेट चालू. एक तासानं क्लोरीन मोजायच्या कागदी पट्टीनं तपासा. १०चे २ झाले असतील तर आत अजून खाणारा आहे. पुन्हा डोस द्या. जोवर आकडा टिकत नाही, तोवर नळ्या साफ झालेल्या नाहीत. आकडा टिकला की सगळं पाणी सोडा, जेटच्या तोंडाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावून नळ्यांतलं उरलंसुरलं ओढून घ्या, टब पुसा, साध्या पाण्यानं धुवा आणि मग भरा. भरताना पाइप टबात सोडू नका, फिल्टरच्या खोबणीत खुपसा. तिथून भरलं की नळ्यांत हवा अडकत नाही आणि पंप कोरडा ओरडत नाही.

तुमच्यासारखा टब पावसाळाभर पडून असेल तर हे सगळं दोनदा करायची तयारी ठेवा. माझ्या टबाला दुसऱ्या फेरीत जास्त घाण आली. पहिल्या फेरीनं नुसतं मऊ केलं होतं.

मग पाण्याचा स्वभाव. विहिरीचं पाणी आपल्याकडे मऊ आणि थोडं आंबट असतं, आणि ते हीटर खातं. आधी क्षारता, म्हणजे आंबटपणा पचवायची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएमवर आणा. १२०० लिटरला २० ग्रॅम खायचा सोडा टाकला की ती साधारण १०नं वाढते, हिशेब तुम्हीच करा. मग पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा (कमी तितकं आंबट), ७.२ ते ७.८. हा आकडा हौसेचा नाही: पीएच ७.५ला क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ला जेमतेम पाव. म्हणजे पट्टीवर क्लोरीन भरपूर दिसतो आणि काम करत नाही. नंतर क्लोरीन कायम किमान ३ पीपीएम. नळाला ०.२ पुरतो, मग टबाला पंधरापट का? कारण नळाचं पाणी आपण पितो, त्यात बसत नाही. टबाच्या गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतो, आणि सहा जणांचा घाम, तेल, पावडर हजारभर लिटरांत उतरते.

डिसेंबरचे पाहुणे सहज निभतील. पण नंतर पाणी कधी बदलायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. लिटरला १२ने भागा, मग रोज सरासरी किती जण बसतात त्यानं भागा, तितके दिवस. तुमचे १२००, रोजचे सहा, तर साधारण १६ दिवस. पाहुण्यांना आधी साबणानं आंघोळ करून यायला सांगा. सनस्क्रीन थापून उतरणारा माणूस इतरांच्या वाट्याचाही क्लोरीन खातो.

प्रश्न : आमच्याही नव्या टबाचं पाणी पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहे, फेस नाही, वास नाही, पापुद्रे नाहीत. शिवाय पाणी शुद्ध करणारं ओझोनचं यंत्र आहे. तरी हा सगळा उपद्व्याप करायचाच का?
एक वाचिका, म्हापसा

उत्तर : हो. जंतू दिसत नाहीत, त्यांची वसाहत फार वाढली की पापुद्रे दिसतात.

फेब्रुवारी १९९९मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका स्टॉलवर गरम पाण्याचा बुडबुड्यांचा टब दाखवायला ठेवला होता, फक्त दाखवायला. त्यात कुणी उतरलं नाही. लोक फुलं बघत शेजारून गेले. त्या बुडबुड्यांतून उडालेल्या बारीक तुषारांत लिजिओनेला नावाचा जंतू होता. दोनशेच्या आसपास लोकांना न्यूमोनिया झाला, तीसहून जास्त दगावले. साचलेल्या पाण्यात हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो आणि टबाचं पाणी नेमकं तितकंच गरम असतं. तो पाणी पिऊन बाधत नाही, तुषार श्वासात गेल्यानं बाधतो. आणि तुषार उडवणं हेच तर टबाचं काम.

ओझोनचं यंत्र चांगलं आहे, पण ते त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्यावर काम करतं. जेटच्या वाकणात बसलेल्यापर्यंत ओझोन जात नाही, आणि पाण्यात तो टिकतही नाही. क्लोरीनला मदतनीस म्हणून ठेवा, मालक म्हणून नको.

खात्रीच हवी तर एक रात्र द्या. संध्याकाळी ओझोन बंद करा, क्लोरीन ५वर आणा, कुणी बसू नका, पाणी फिरत राहू द्या. सकाळी मोजा. ५चे ४ झाले तर ठीक, गरम पाण्यात तेवढं उतरतंच. ५चा १ झाला आणि कुणी बसलेलं नव्हतं, तर नळ्यांत कुणीतरी बसलंय. पण हे खात्रीसाठी झालं. नव्या टबाच्या नळ्या एकदा धुणं हे खात्रीवर सोडायचं काम नव्हे. दुकानातून आणलेलं नवं पातेलं आपण बघून ठरवतो का घासायचं की नाही ते?

प्रश्न : आमच्या विहिरीत पावसाळ्यानंतर ब्लीचिंग पावडर टाकतात, घरात डबा भरून आहे. तीच टबात चालेल ना? मुलगा पोहण्याच्या तलावातल्या गोल गोळ्याही घेऊन आलाय. दोन्ही थोडं थोडं घालायचा विचार आहे.
एक वाचक, फोंडा

उत्तर : थांबा! डबा खाली ठेवा आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

विहिरीची ब्लीचिंग पावडर आणि तलावाच्या त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या एकत्र आल्या, त्यांना ओल लागली, तर आग लागते, स्फोटसुद्धा होतो. एकाच चमच्यानं दोन्ही घेतलं तरी धोका आहे. हे मी भीती घालायला म्हणत नाहीय.

वेगवेगळंही नको. ब्लीचिंग पावडरीत एक तृतीयांशच क्लोरीन, बाकी बहुतेक चुना. तो विहिरीच्या तळाशी बसतो, तिथे बिघडत नाही, पण टबात तो हीटरवर आणि बारक्या जेटांत बसतो. गोळी फार आंबट असते. टबाच्या तळाशी पडली तर तिथला भाग पांढरा पडतो, आणि पाण्याचा पीएच कोसळतो. टबाला डायक्लोर दाणे किंवा ब्रोमीन, बस्स. आणि कुठलंही क्लोरीन संडास धुवायच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. मागे एकानं 'टब लख्ख व्हावा' म्हणून तेही केलं होतं, असं त्यांनीच पत्रात लिहिलं. नशीब, टब उघड्यावर होता.

प्रश्न : काकी, आमच्याकडे टब नाही, पण तुमच्या सदरातला 'शिळं पाणी' हा शब्द डोक्यात बसला. आमचं डिचोलीचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. चवथीला आणि मे महिन्यात आम्ही मुंबईहून येतो. आल्या आल्या पहिला जो शॉवर घेतो, त्याच्या नळ्यांतही असंच असेल का?
एक वाचिका, मुंबई

उत्तर : असेल, आणि हा प्रश्न आसगावच्या टबापेक्षा जास्त घरांचा आहे. गोव्यात प्रत्येक वाड्यावर एक तरी घर असं असतं जे चवथीलाच डोळे उघडतं.

तुमच्या नळ्यांत कित्येक महिन्यांचं पाणी आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीत उन्हानं तापलेलं, गिझरमध्ये कोमटलेलं, शॉवरच्या जाळीत चिकटलेलं. पूर्वी आपल्या न्हाणीत तांब्याचं भाण असायचं. घर बंद करताना आई ते उपडं घालायची, आल्यावर चिंच लावून घासायची, मगच त्यात पाणी. संध्याकाळचं पाणी सकाळी हंड्यात राहिलं तर झाडांना, त्यावर ताजं ओतायचं नाही, हे आपल्या घरांत कुणी शिकवावं लागत नसे. नळ आले आणि हंडा भिंतीत गेला. उपडा घालता येईना, म्हणून विसरलो.

तेव्हा पोचल्यावर आधी देव, मग चहा, आणि आंघोळीआधी हे. न्हाणीच्या खिडक्या उघडा. शॉवरचं तोंड बादलीत बुडवा म्हणजे तुषार उडणार नाहीत, मग गार पाणी सोडून खोलीबाहेर या. पाच-दहा मिनिटं वाहू द्या. गिझर ६० अंशांवर लावून पूर्ण तापू द्या आणि तेही तसंच सोडा, हात भाजू नका. प्रत्येक नळ, अंगणातला, मागीलदारचा, वॉशिंग मशीनसाठी काढून ठेवलेला आणि बूच लावलेला तोसुद्धा. अशा बूच लावलेल्या तुकड्यात पाणी वर्षानुवर्षं पडून राहतं आणि बाकीच्या घराला पुरवत राहतं. शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. टाकी दर चवथीला उपसून घासा. आईचं भाण तीच आहे आता, फक्त गच्चीवर चढवलेली. सोबत वयस्क माणसं असतील, किंवा दम्याचं कुणी, तर पहिल्या दिवशी त्यांना न्हाणीपासून लांब ठेवा.

प्रश्न : आमचे बाबा ६८ वर्षांचे, पूर्वी विड्या ओढायचे. मित्राच्या होमस्टेतल्या नव्या टबात एक संध्याकाळ बसले. दोन दिवसांनी पोटावर आणि मांड्यांवर लाल पुटकुळ्या आल्या, खाज आहे, ताप नाही. मित्राला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही. काळजी करायची का?
एक वाचिका, मडगाव

उत्तर : पुटकुळ्यांची फार नको, पण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मला झालं तेच हे दिसतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळाशी शिरतो. टबात बसल्यावर काही तासांपासून काही दिवसांत पुरळ उठतं, कपडा ओला राहतो तिथे जास्त, आणि बहुतेकांचं आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातं. खाजवू देऊ नका. त्या दिवशीची चड्डी गरम पाण्यात धुवा.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची. ज्या टबात हा जंतू वाढला, त्यात क्लोरीन पुरेसा नव्हता, मग लिजिओनेलाही असू शकतो. बाबांचं वय आणि विड्या दोन्ही त्याच्या आवडीचं. टबात बसल्यापासून दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप, खोकला, धाप, अंग मोडून येणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि तोंडानं सांगा, 'अमुक दिवशी गरम पाण्याच्या टबात बसले होते.' हे वाक्य महत्त्वाचं आहे. न्यूमोनियाची नेहमीची काही औषधं या जंतूला चालत नाहीत. डॉक्टरांना टबाचं कळलं तर ते लघवीची तपासणी करून योग्य औषध देतील. न कळलं तर ते बिचारे साध्या न्यूमोनियाचं देत राहतील. घरातल्या इतरांना बाबांपासून लागण होईल ही भीती मात्र काढून टाका.

मित्राशी बोला. वाईट वाटेल, वाटू दे. पुढचे पाहुणे यायच्या आत त्याचा टब धुतला गेला पाहिजे. पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका अशा टबात बसूच नयेत, पाणी कितीही चांगलं असलं तरी, हेही त्याच दमात सांगून टाका.

प्रश्न : तुम्ही सांगता ते पटतं, पण शिवोलीला मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो. धुवायला एकदा १२०० लिटर, पुन्हा एकदा १२०० लिटर, आणि मग भरायचं. इतकं पाणी गटारात सोडायला जीव होत नाही. माडांना घातलं तर?
एक वाचक, शिवोली

उत्तर : जीव होऊ नये, हेच बरं. माझंही काळीज पाण्याच्या हिशेबातच वाढलंय. म्हणून टब मे महिन्यात बसवू नका, ही पहिली गोष्ट. पावसाच्या अखेरीस बसवा, विहीर काठोकाठ असताना.

नळ्या सोलायचं द्रावण घातलेलं पहिलं पाणी झाडांना नको. त्यात फेस आणि घाण दोन्ही असतात. ते सांडपाण्याच्या खड्ड्यात, विहिरीपासून जितकं लांब तितकं चांगलं. क्लोरीनच्या मोठ्या डोसचं पाणी मात्र वाया जायचं नाही. झाकण काढून दोन-तीन दिवस उन्हात उघडं ठेवा, ऊन फुकटात क्लोरीन काढून देतं. पट्टी शून्य दाखवेपर्यंत थांबा, आणि मगच नळ्यांतलं उरलेलं ओढायचं काम करा. शून्य झालेलं पाणी माडाच्या आळ्यात सोडा, एकाच झाडाला नको, चार-पाचांत वाटून. कुळागरात, पानवेलीला, पोफळीला नको, ती नाजूक. व्हाळात किंवा मासे असलेल्या तळ्यात तर नाहीच, थोडासा क्लोरीनही माशांना मारतो.

माझ्या पर्वरीच्या टबाचं पाणी मागच्या भिंतीलगतच्या दोन माडांना जातं. एकाला यंदा जास्त नारळ लागलेत. शेजारीण म्हणते टबामुळे. मी म्हणते, पट्टी दाखव मग मानते.